गाडीचं बूच

तळोजं दोन मैलांवर राहिलं होतं. आमची गाडी दोनदा खोकली, एकदा थरथरली आणि भर उन्हात रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"पेट्रोल संपलं," मी म्हणालो.

"संपलं, की संपवलंत?" मागून इंदूचा आवाज आला. इंदू म्हणजे माझी बायको. बावीस वर्षांच्या संसारात अशा क्रियापदांतला फरक तिला फार नेमका कळायला लागला आहे.

खरं तर मीच ते संपवून आणलं होतं, आणि दादरहून निघताना मला त्याचा अभिमानही वाटत होता. पनवेलच्या ज्या जोमा नाखव्याच्या वाडीत आम्ही गाडी पावसाळाभर ठेवणार होतो, त्यानं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं एक कार्ड पाठवलं होतं. त्यात एकच वाक्य होतं: "गाडी कोरडी करून आणावी." आता मी गणिताचा मास्तर. चार महिने पेट्रोल भरलेली गाडी आपल्या झावळ्यांच्या वाडीत कोण ठेवून घेईल? कोरडी म्हणजे पेट्रोलची टाकी कोरडी, हे मला तत्काळ उमगलं. दादर ते पनवेल मैल किती, गॅलनला मैल किती, असं त्रैराशिक मांडून शेवटचा थेंब नाखव्याच्या दारात जळेल इतकंच पेट्रोल मी ठेवलं. बाकीचं काढून शेजारच्या डॉक्टरांच्या गाडीत ओतलं. मुंब्र्याचा चढ तेवढा त्रैराशिकात धरायचा राहिला.

आणि गाडीच्या टपावरची पंधरा गॅलनांची पाण्याची टाकी मात्र मी काठोकाठ भरून घेतली होती. परक्या गावी जायचं तर आपलं पाणी असावं, म्हणून.

ही गाडी कसली, ते सांगायला हवं. लढाईत ती लष्कराची अँब्युलन्स होती. लढाईनंतरच्या लिलावात माझ्या साडूंनी ती घेतली, आत दोन बाक, एक फडताळ आणि स्टो ठेवायला कट्टा करून घेतला, आणि बायकोमुलांसह हिंदुस्थान पाहायचा बेत आखला. बेत खंडाळ्यापर्यंत गेला. मग साडू नोकरीसाठी नैरोबीला गेले आणि जाताना हिंदुस्थान आमच्या गळ्यात घालून गेले. पहिल्या पावसाळ्यात ती आमच्या चाळीच्या आवारात उभी होती. गणपतीत दार उघडलं तर गादीतून अळंबी उगवलेली. चाळीतल्या मुलांनी ती मोजली. माझ्याच शाळेतली मुलं, मोजणी अचूक होती.

तेव्हा इंदूनं मला निर्वाणीचं सांगितलं होतं. तिचं माहेर राजापूरच्या पुढे. तिकडं जायचं तर बोटीनं, आणि बोट धक्क्यावरून हलायच्या आत इंदूला घेरी येते. मागच्या खेपेला तिला चौघांनी उचलून उतरवलं. त्याला नऊ वर्षं झाली, आणि त्यानंतर ती गेलेली नव्हती. तिच्या आईची पत्रं अलीकडे भाचा लिहीत असे. अक्षर का बदललं, हे त्यात लिहिलेलं नसे. रस्त्यानं जायचं तर दोनतीन दिवस, मधल्या खाड्यांवर तरीतून गाडी पलीकडे न्यायची, मुक्कामाला जागा मिळेल न मिळेल. म्हणजे जावं तर या गाडीनंच.

"पुढच्या वर्षी दिवाळीत या गाडीनं माहेरी," इंदू म्हणाली होती. "पावसाळ्यात ही पुन्हा कुजली, तर भंगारवाल्याला द्या. मग मी नाव काढणार नाही." ते नाव माहेरचं की गाडीचं, हे विचारायचं धाडस मला झालं नव्हतं.

तर तळोज्याजवळ ती उभी राहिली. उन्हानं डोकं दुखतं म्हणून इंदू मागच्या बाकावर कपाळावर ओली घडी ठेवून पडली होती. गाडीला आम्ही निळा रंग दिला होता, पण उन्हात त्याखालून अँब्युलन्सचा लाल क्रॉस दिसायचाच. शेतातून पाचसात बाया धावत आल्या.

"पेशंट कंचा हाय?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी मागचं दार उघडलं होतं.

"कवाधरनं आजारी हायस गो बाय?"

"मला काही झालेलं नाही," इंदू उठून बसली.

"असंच बोलतात समदी," त्यातली थोराड बाई म्हणाली आणि तिनं इंदूला परत आडवं केलं.

शेवटी इंदूनं नळ सोडून त्यांना पेलाभर पाणी दिलं, तेव्हा कुठं तब्येतीचा विषय संपला. बाई एक घोट घेऊन थांबली. "हां तं गोरं पानी हाय गो!" इकडच्या बोलण्यात पुष्कळदा 'ड'चा 'र' होतो. गाडीची गारी, होडीची होरी, आणि गोडं पाणी ते गोरं. मे महिन्यात त्यांच्या विहिरीला मचूळपणा यायचा. अर्ध्या तासात हंडे आले, कळशा आल्या, आणि माझी पंधरा गॅलन दूरदृष्टी तळापर्यंत उपसली गेली. त्या बाईचा नवरा पदू बैलजोडी घेऊन आला.

मी म्हटलं, "बस आली की पनवेलहून पेट्रोल आणतो."

"गारी ठेवाया नेताव ना?" पदू म्हणाला. "मंग पेट्रोल कनाला? बैल हायेत."

या युक्तिवादात मला कुठं चूक सापडेना. पदूनं जू बांधलं, मी स्टिअरिंग धरलं आणि युद्धकाळात जखमी सैनिक वाहणारी ती गाडी दोन बैलांमागून, वाटेत दोनदा सावलीला थांबत, दिवस कलताना पनवेलला पोचली. मजुरीचं विचारलं तर पदू म्हणाला, "पान्याचे घेतलाव काय तुमी?"

पनवेल: बंदराकडची वाडी

पनवेलचं नाव मी तांदळासाठी आणि बैलगाडीच्या चाकांसाठी ऐकलं होतं. गावात शिरलो तसे चाकं घडवणारे सुतार रंधे खाली ठेवून आमच्याकडे पाहू लागले. एकानं टायरला अंगठा दाबून पाहिला आणि दुसऱ्याला गंभीरपणे सांगितलं, "मऊ हाय."

जोमा नाखव्याची वाडी खाडीकाठी. नारळाखाली दोन होड्या आधीच ओढून ठेवलेल्या, तिसरीवर झावळ्यांचे विणलेले झाप चढत होते. नाखवा साठीचा, कमरेला चौकड्याचा रुमाल, डोक्याला तांबडी कानटोपी. त्यानं आमच्याकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं.

"पेट्रोल?"

"थेंब नाही," मी ताठ मानेनं सांगितलं. "तुम्ही लिहिल्याप्रमाणे कोरडी केली."

"आन पानी?"

"तेही आता नाही. तळोज्याला वाटून टाकलं."

नाखव्यानं कानटोपी काढून डोकं खाजवलं. "मास्तर, मी पानीच बोल्लेलो. टाकीत पानी ऱ्हायलं का कुजतं. पेट्रोल नाय तं परत कशी न्याल?"

पदू मान फिरवून हसला. इंदूनं हसण्यासाठी मान फिरवण्याची तसदी घेतली नाही.

त्या संध्याकाळी नाखव्याची बायको चांगुणाबाई हिनं आम्हाला चिंबोऱ्यांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या. चिंबोरीची नांगी कशी फोडायची हे इंदू मला शिकवत होती, आणि चांगुणाबाई इंदूला ती चुकीचं शिकवते आहे असं सांगत होती. "तुमच्या राजापुराकडं दातानं फोरतात. आमच्याकडं पाटावर ठेवून वरवंटा." दोघींचं मग इतकं जमलं की माझ्या ताटात काय आहे, याकडे कुणाचं लक्ष उरलं नाही. नांगी शेवटी मी खिशातल्या किल्लीनं फोडली.

दुसरा दिवस: रिकामं करणं

सकाळी गाडी रिकामी करायला घेतली. मला वाटलं होतं ती रिकामीच आहे. फडताळातून निघालं ते असं: गेल्या दिवाळीतल्या चकल्यांचा डबा, मुंग्यांसकट गुळाचा खडा, अर्धा शेर रवा, आणि आठवीच्या सहामाहीचे सात पेपर. ते हरवले म्हणून मी त्या सातही मुलांना पास करून टाकलं होतं. आता पाहिले तर त्यांतला एकच खरा पास होता. मी पेपर शांतपणे पिशवीत ठेवले.

"ह्यो समदा उंदराला आवतान हाय," चकल्यांकडे पाहून चांगुणाबाई म्हणाली आणि तिनं त्या कोंबड्यांना टाकल्या. कोंबड्यांनीही त्या दोनदा विचार करून खाल्ल्या.

गाद्या उन्हात पडल्या, त्यांच्या घड्यांत कडुनिंबाचा पाला गेला. बॅटरी काढून नाक्यावरच्या मोटारवाल्याकडे ठेवली. मग गाडी उचलायची वेळ आली. मी जॅक काढला आणि त्याचा उपयोग समजावून सांगू लागलो. माझं सांगणं चालू असताना कोळीवाड्यातल्या सहा जणांनी एक लांब वासा खाली घालून, होडी ओढताना देतात तशी आरोळी देत गाडी उचलली, आणि खाली माडाचे ओंडके सरकवलेसुद्धा. मी जॅक परत पिशवीत ठेवला. चाकं काढून पडवीत सावलीला गेली.

त्यानंतर नाखव्यानं डबा उघडला आणि मला क्षणभर काही दिसेनासं झालं. मुशीचं तेल. हा मासा जिवंतपणी माणसं खातो म्हणतात, पण त्याच्या काळजाच्या तेलाला जो वास येतो तो पाहता तो मेल्यावरही सोडत नाही. नाखव्यानं गाडीच्या पोटाखालचं सगळं लोखंड त्या तेलानं चोपडलं.

"गंज नाय लागनार," तो म्हणाला.

"पण हा वास दिवाळीपर्यंत जाईल ना?" इंदूनं नाकाला पदर लावून विचारलं. "आईला वाटेल, लेकीऐवजी मुशीच आली."

"वास ऱ्हाईल," नाखवा प्रामाणिकपणे म्हणाला. "गारीपन ऱ्हाईल."

इथपर्यंत सगळं मला पटत होतं. खरा वाद झाला तो भोकावरून.

अँब्युलन्सची जमीन धुता यावी म्हणून तिच्या तळाला अंगठ्याएवढं एक भोक होतं. गाडी ताब्यात आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर ते भोक खिडकीच्या काचांना लावतात त्या लांबीनं लिंपून टाकलं. नाखव्यानं ते हातानं चाचपून शोधलं.

"ह्यो कोनी बुजवला?"

"मी."

"कनाला?"

"पाणी आत येऊ नये म्हणून."

"मास्तर, पानी येतं ते वरून. त्याला जायाला खाली वाट नको?" आणि त्यानं पहारीनं माझी लांबी फोडून काढली.

मी म्हणालो, साप येतील. तो म्हणाला, वर उचललीय, नाय येनार. मी म्हणालो, वरून ताडपत्री घट्ट बांधू, खिडक्या बंद करू. तो म्हणाला, ताडपत्रीखाली गाडीला घाम येईल. झाप घालायचे, खिडक्या चार बोटं उघड्या, तळाचं भोक मोकळं. होडीचंही तो तसंच करायचा. किनाऱ्याला ओढली की पहिलं तळाचं बूच काढायचं, म्हणजे वरून जे येईल ते खालून जाईल.

मला हे फार विचित्र वाटलं. आम्ही मुंबईकर एखादी वस्तू जपायची म्हटली की आधी कुलूप शोधतो. कपाटं बंद, डबे बंद, लोकरीचे कपडे डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत बंद. इथं हा माणूस जपायच्या वस्तूला आधी भोक शोधत होता.

दुपारी त्यानं भेंडीच्या लाकडाचा एक तुकडा घेऊन सुरीनं गाडीसाठी छानसं बूच तासलं आणि इंदूपुढे धरलं. "बाय, हां तुजकडं."

"तिच्याकडे कशाला?" मी विचारलं.

"आमच्या घरात बूच बायको ठेवते," नाखवा म्हणाला. खरंच, आत देव्हाऱ्यापाशी एका दोरीला तिन्ही होड्यांची बुचं लटकत होती. "नारळी पुनवेला हिनं हातानं दिलं का होरी पान्यात. हिनं नाय दिलं तं मी घरात."

"एक वरीस नाय दिलं," चांगुणाबाई म्हणाली. "भांडन जालं व्हतं. चार दिस बसला पडवीत."

सगळे हसले. मीही हसलो आणि बूच इंदूच्या हातून घेऊन माझ्या खिशात टाकलं. "माझ्याकडे असू दे. बायकांकडून वस्तू हरवतात." ज्याच्या पिशवीत त्या क्षणी आठवीचे सात हरवलेले पेपर होते, त्यानं हे बोलायला नको होतं.

तिसरा दिवस: परत

सकाळी आम्ही निघालो. गाडी झापांखाली पूर्ण झाकली गेली होती. दुरून पाहिलं तर एखादी चौथी होडीच. वाडीच्या फाटकापाशी आल्यावर मला राहवेना. ते उघडं भोक माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. माझं सगळं शिक्षण एका बाजूला आणि भोक एका बाजूला.

"छत्री विसरली," मी इंदूला म्हणालो आणि मागे पळालो. गाडीखाली सरपटत शिरलो, खिशातलं बूच भोकात घालून जॅकच्या दांड्यानं ठोकून घट्ट बसवलं, कपडे झटकले आणि परत आलो. छत्री इंदूच्या हातात होती. तिनं छत्रीकडे पाहिलं, माझ्या मळलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि चालू लागली.

यस्टीच्या थांब्यावर पोचल्यावर तीच म्हणाली, "चांगुणाबाईंनी सुकट बांधून ठेवली होती, राहिलीच. तुम्ही जागा धरा, मी आलेच." बस निघता निघता ती धापा टाकत आली. एका हातात सुकटीचं पुडकं. दुसरा हात काळा झाला होता आणि त्याला मुशीचा वास येत होता. वाडीत सगळ्याच वस्तूंना तो येत होता.

पावसाळा

पहिले पंधरा दिवस मी फार समाधानात होतो. मग आषाढ लागला. वर्गात फळ्यावर हौदाचं गणित होतं: एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो. मी मुलांना म्हणालो, "समजा, खालचा नळ बंद आहे," आणि तिथंच थांबलो. बाहेर धो धो कोसळत होतं. झाप फाटले तर? वरून आलेलं पाणी कुठं जाईल? दोन दिवस मी हे गणित निरनिराळ्या आकड्यांनी सोडवलं. दर वेळी हौद भरत होता, आणि हौदात इंदूचं माहेर होतं.

शेवटी एका रविवारी सकाळी मी तिला सगळं सांगून टाकलं. ती भाजी चिरत होती.

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी पनवेलला कार्ड टाकायला निघालो तर म्हणाली, "काय लिहिणार? तुमचं ऐकलं नाही म्हणून? राहू दे. दसऱ्याला जाऊच." त्यानंतर रोज सकाळी फळीवरच्या बाटलीतलं खोबरेल डोक्याला चोळताना मी खिडकीतून आभाळ बघायचो आणि माझे केस थोडे आणखी पिकायचे.

दसरा: पुन्हा पनवेल

दसऱ्याला आम्ही झेंडूची फुलं, साखरेचे पेढे आणि पेट्रोलचे दोन भरलेले डबे घेऊन गेलो. नाखव्याच्या होड्या केव्हाच पाण्यात गेल्या होत्या. नारळाखाली आमची एकटीच राहिली होती. झापांच्या मधोमध एक वेगळ्या रंगाचं नवं ठिगळ दिसत होतं.

"ते काय?" मी विचारलं.

"आषाढात झावळी पडली," नाखवा म्हणाला. "झाप फाटला, टपावरच्या झरोक्याची काच फुटली. मी चार दिस उरणला. परत आलो तवा दुसरा झाप घातला. चार दिस पानी पडत व्हतं आत."

चार दिवस, आषाढातले. त्रैराशिक करायची गरजच नव्हती. इंदूकडे बघायचं मला धैर्य झालं नाही.

"नाखवा," मी म्हणालो, "मी एक चूक केलीय."

"आधी गारी बगा," तो झाप उपटत म्हणाला.

दार उघडलं. कडुनिंबाचा आणि मुशीचा वास आला. कुजकट वास नव्हता. काच फुटली होती त्याखाली जमिनीवर चिखलाचा एक सुकलेला ओघळ दिसत होता. तो फडताळाला वळसा घालून नेमका तळाच्या भोकापाशी गेला होता आणि तिथं संपला होता. भोक मोकळं होतं. त्यातून खालची जमीन आणि एक कोंबडी दिसत होती. गाद्या उंच बाकांवर कोरड्या, फडताळ कोरडं, अळंबी नाही.

मी गुडघ्यांवर बसून भोकात बोट घातलं. "पण बूच? मी तर घट्ट बसवलं होतं! उंदरांनी खाल्लं की काय?"

नाखवा माझ्याकडे बघेना. तो चांगुणाबाईकडे बघत होता, आणि चांगुणाबाई इंदूकडे. इंदूनं पिशवीतून आमची खोबरेल तेलाची बाटली काढली. गेले चार महिने रोज सकाळी मी हातात घेत होतो तीच. तिचं बूच उपटून, पदरानं पुसून तिनं चांगुणाबाईला दाखवलं.

भेंडीचं लाकूड. सुरीनं तासलेलं. तेल पिऊन काळंभोर झालेलं.

"सुकट आणायला गेले होते ना," ती म्हणाली.

"आणि मला सांगितलं नाहीस? त्या रविवारीसुद्धा? मी चार महिने वर्गात हौद भरत होतो!"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा जाऊन बसवलं असतंत," इंदू म्हणाली. "नऊ वर्षांनी माहेरची वाट उघडतेय. ती मी तुम्हाला बूच मारू देईन होय?"

नाखव्यानं हात पुढे केला. तिनं बूच त्याला न देता माझ्या तळहातावर ठेवलं, आणि मी गाडीखाली शिरून ते बसवलं. चाकं चढली, बॅटरी आली, झेंडूची माळ लागली. मग इंदू पुढच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली, पायापाशी पेट्रोलचा दुसरा डबा नीट ठेवला आणि म्हणाली:

"दिवाळीला निघताना पाणी तुम्ही भरा. पेट्रोलचं मी बघते."